प्रवासाला पंचा न्यायचा, तर आधी तो जुना करा

पहिल्या वारीला निघालो तेव्हा माझ्या पडशीत नवाकोरा पंचा होता. पांढराशुभ्र, लाल काठाचा, घडी न मोडलेला. वाल्हं सोडलं, नीरेवर आंघोळ उरकली आणि अंग पुसायला तो उलगडला. पुसतोय, पुसतोय, पण पाणी काही टिपलं जाईना. कापडावरून ओघळून ते नुसतं इकडचं तिकडे जात होतं. शेजारी कपडे बदलणाऱ्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याने ते पाहिलं, आपल्या खांद्यावरचा विटका, मऊसूत पंचा माझ्याकडे टाकला आणि म्हणाला, "माउली, ह्यो घ्या. तुमचा अजून दुकानातच हाय."

पंचाबद्दल मला जे सांगायचं आहे ते जवळजवळ सगळं त्या वाक्यात आलं. बाकीचा लेख तपशिलाचा. वारी असो, गडावरचा मुक्काम असो, की शयनयानातून दोन रात्रींचा प्रवास. पिशवीत पहिल्यांदाच पंचा टाकणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे.

आधी पंचा कुठला, ते

पाच हात लांबीचा म्हणून पंचा, असं जुनी माणसं सांगतात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. म्हणजे पाच हाताचे साडेसात फूट झाले. हल्ली दुकानात पंचा म्हणून जे हाती येतं ते बहुधा याहून आखूड असतं. लांबी पावणेदोन मीटर आणि पन्हा ऐंशी सेंटीमीटर इतका तरी मिळाला तर घ्या. त्याहून लहान असेल तर तो हात पुसायला ठीक, नेसायला नाही. दुकानदार "फुल साइज आहे" म्हणेल, तरी पट्टीने मोजा.

साधा टॉवेल का नको? त्याला रोवें असतात, म्हणजे उभे फासे. ते पाणी भरपूर पितात आणि मग सोडत नाहीत. पंचा सरळ उभ्या-आडव्या विणीचा, झिरझिरीत. वारा आरपार जातो, त्यामुळे लवकर वाळतो. वजनाचा हिशेब घरीच मांडता येतो. पंचाचं कापड चौरस मीटरला शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास धरलं तर अख्खा पंचा दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. बऱ्यापैकी जाड टॉवेल चौरस मीटरला साडेचारशेचा धरला, तर दीड मीटर बाय पाऊण मीटरचा तुकडा अर्ध्या किलोला जातो. म्हणजे एका टॉवेलच्या वजनात तीन पंचे, शिवाय टॉवेल नेसता येत नाही आणि त्याला धड गाठही बसत नाही.

घेताना दोन गोष्टी तपासा. कापड उजेडासमोर धरा: पलीकडचं माणूस अंधुक दिसलं पाहिजे, पण भोकं भोकं दिसता कामा नयेत. आणि दशीतला, म्हणजे टोकाला सोडलेल्या सुतातला, एक धागा घरी आणून जाळून बघा. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि चिमटीत भुरभुरीत राख उरते. टेरिकॉटची भेसळ असेल तर धागा वितळून टोकाला टणक मणी होतो. भेसळीचा पंचा दिसायला झकास असतो, काठ कडक उभे राहतात, पण तो पाणी नीट टिपत नाही. सोलापूर, इचलकरंजीकडचा माल आठवडी बाजारापर्यंत येतो. खादी भांडारातही मिळतो. खादीचा जरा जड, पण टिपायला उत्तम. रंगीत चौकड्यांचा पंचा मळ झाकतो हे खरं. तसाच तो पहिल्या पावसात शर्टावर रंगही सोडतो.

बायकांना, किंवा उंच आणि धिप्पाड माणसांना, पंचा अपुरा पडतो. त्यांनी दोन मीटर लांब, सव्वा मीटर पन्ह्याची सुती लुंगी घ्यावी. पुढे लिहिलेलं सगळं तिच्याने होतं. माझ्या आजीला यातलं काहीच लागलं नाही, कारण तिला पदर होता. घाम पुसणं, गरम पातेलं उतरवणं, नातवंडाला वारा घालणं, पैसे बांधून ठेवणं, सगळं त्याच एका टोकात. पँट आणि टीशर्टातल्या माणसाला जे टोक उरलं नाही, ते त्याला वेगळं विकत घ्यावं लागतं, इतकंच.

जुना कसा करायचा

नव्या कापडाला खळ असते. खळीमुळे घडी छान बसते आणि दुकानात माल भरदार दिसतो. ही खळ काढल्याशिवाय पंचा पाणी पीत नाही.

प्रवासाच्या निदान तीन आठवडे आधी पंचा आणा. पहिल्या रात्री साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी बुळबुळीत, दुधट झालेलं दिसेल. ते ओतून द्या. मग पांढरा असेल तर कपडे धुण्याचा सोडा घालून उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि खळखळून धुवा. रंगीत असेल तर उकळू नका, दोन-तीनदा गार पाण्यात वेगळा धुवा. मीठ घातलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. कापड एकदा रंगवून झाल्यावर मिठाने तसं काही होत नाही. जास्तीचा रंग निघून जाऊ देणं एवढंच आपल्या हाती. फॅब्रिक कंडिशनर अजिबात वापरू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि आपण काढलेली खळ दुसऱ्या रूपाने परत येते.

पुढचे वीस दिवस घरचा टॉवेल बाजूला ठेवून रोज हाच वापरायचा. रोज धुवायचा, पिळायचा, उन्हात टाकायचा. पारख सोपी आहे: पसरलेल्या पंचावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर पंचा अजून दुकानात आहे. टेकताक्षणी पसरून नाहीसा झाला तर तो तुमचा झाला. या काळात तो थोडा आटेलही, म्हणून घेताना दोन बोटं जास्तीची असावीत.

एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचे चार टाके घाला. त्या बाजूचा अर्धा भाग तोंडाचा, उरलेला अंगाचा. ही सवय पहिल्या दिवसापासून नसेल तर प्रवासात कधीच लागत नाही.

तीन बांधण्या

पंचाला बटण नाही, नाडी नाही, चेन नाही. जे काही आहे ते बांधण्यात. आणि ते घरी आरशासमोर शिकायचं, घाटावर नव्हे.

निरगाठ सगळ्यांना येते. ओढली की घट्ट बसते, सुटत नाही. ओझ्याला ही. सुरगाठीत एक टोक दुमडून आत घालायचं, म्हणजे ते ओढलं की गाठ सुटते. अंगावर जे जे बांधाल त्याला ही. तिसरी म्हणजे खोच. तिला गाठ म्हणता येणार नाही, पण निम्मं काम तीच करते. ओल्या सुताची निरगाठ दगडासारखी होते. आमच्यातल्या एकाने राजगडावर भिजलेल्या पंचात भाकऱ्या अशा बांधल्या होत्या की शेवटी कोपरा कापावा लागला.

नेसण्याकडे वळू. पँट अंगात असतानाच सुरुवात करा. पंचा आडवा धरून कमरेमागून पुढे घ्या, उजवं टोक डाव्या कमरेपाशी न्या, डावं टोक त्यावरून उजवीकडे. पावणेदोन मीटरचा पंचा बहुतेकांच्या कमरेला पावणेदोन ते दोन वेढे घेतो, म्हणून पुढून उघडा पडत नाही. आता वरची कड बाहेरच्या अंगाने दोनदा मुडपा आणि टोक आत खोचा. ही मुडप लोक विसरतात. नुसतं खोचलेलं टोक बूट काढायला वाकलात की सुटतं, आणि माणूस बरोबर तेव्हाच दोन्ही हातांनी बुटाचा बंद सोडत असतो. नवशिक्यांनी मुडपीवर दोन्ही कोपरे ओढून सुरगाठ मारावी. लाज वाटायचं कारण नाही, मी अजून मारतो. मग आतून पँट उतरवा, कोरडी चड्डी चढवा, पंचा सोडा. चार दिवस सराव केलात तर दीड मिनिटाचं काम आहे.

काखेखालून नेसायचा असेल, समुद्रावर वगैरे, तर लुंगीच घ्या. पाठीमागून पुढे आणा, दोन्ही कोपरे छातीवर फुली मारून मानेमागे न्या आणि तिथे गाठ. इथे मात्र निरगाठ. समुद्रावरचा वारा सुरगाठीला विचारत नाही.

नेसलेला पंचा पोटरीपर्यंत येतो. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत पूर्ण पोशाख सोडून गुडघ्यापर्यंतचं वस्त्र घेतलं आणि मराठीत 'गांधीजींचा पंचा' कायमचा रुजला. पण म्हणून पंचा नेसून कुठेही शिरता येतं असं नाही. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना मुंडू, म्हणजे केरळी पद्धतीचं लुंगीसारखं लांब वस्त्र, लागतो. तिथे आखूड पंचा नेसून अडून राहू नका, मुंडू घ्या. गुरुद्वारात मात्र डोकं झाकायला पंचा चालतो, आणि पिशवीत असला की बाहेरच्या टोपलीतला रुमाल शोधावा लागत नाही.

डोक्यावर

एकच पंचा घेऊन निघणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की तो आज कमरेला की डोक्याला. कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळण्याबद्दल आपल्याकडे काय म्हणतात ते माहीत आहेच. म्हणून पंचे दोन न्या. वजन तरीही एका टॉवेलपेक्षा कमीच.

मुंडासं असं: पंचाला लांबीत सैलसर पीळ द्या, मधला भाग डोक्याच्या मागच्या बाजूला टेकवा, दोन्ही टोकं कपाळावर आणून फुली मारा, परत मागे न्या आणि वेढ्यात खोचा. कान झाकायचे असतील तर पीळ न देता पंचा डोक्यावरून घ्या, हनुवटीखाली फुली मारून मानेमागे बांधा, ही टापशी.

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात हा प्रकार कुणाला शिकवावा लागत नाही. तिथे याला दुपट्टा म्हणतात आणि दुचाकीवरचं प्रत्येक डोकं त्यात गुंडाळलेलं असतं. त्या कोरड्या हवेत पंचा ओला करून बांधला की पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि डोकं खरोखर गार पडतं. हीच युक्ती रत्नागिरीत करून बघा: हवेतच इतका दमटपणा की पाणी उडत नाही, वर डोक्यावर कोमट पोतेरं घेऊन फिरल्यासारखं होतं. कोकणात पंचा कोरडा ठेवा आणि घाम टिपा.

दुचाकीवर टोकं लोंबती ठेवू नका. ओढणी चाकात अडकून गळ्याला फास बसतो, तसाच तो पंचानेही बसतो. दोन्ही टोकं शर्टाच्या आत. हेल्मेटखाली एक पदर चालेल, मुंडासं नाही; त्याने हेल्मेट सैल बसतं.

थंडीत पंचाकडून फार अपेक्षा नको. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पहाटेच्या वाऱ्यात कोरडा पंचा गळ्याभोवती असला तर बरं वाटतं. पण घामाने भिजलेलं सूत अंगावर ठेवलंत तर तेच हुडहुडी भरवतं. वर पोचलात की आधी तो काढा.

गाडीत

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची कला महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पहिला रुमाल किती वाजता पडला याची नोंद नाही. पंचा मोठा असल्याने तिघांची जागा धरतो, पण टाकू नये. आतला माणूस तो निवांत अंगाखाली घेऊन बसतो आणि तुमची तोंड पुसायची वस्तू पुढच्या स्थानकापर्यंत त्याच्याकडे गहाण पडते.

गाडीतले उपयोग तसे फुटकळ. बर्थच्या रेक्झिनवर अंथरला की पाठ चिकटत नाही. उन्हाकडच्या खिडकीत वरच्या फटीत कोपरे खोचले की पडदा. बॅगेचा पट्टा आणि मनगट यांना सैल बांधला की झोपेत बॅग हलली तर जाग येते. कोरडा पंचा गुंडाळून टीशर्टात भरला की उशी. एवढं पुरे.

चुंबळ मात्र शिकून ठेवा. पंचाला पीळ द्या, तळहाताभोवती दोन-तीन वेढे घ्या, उरलेलं टोक कडीभोवती गुंडाळून खोचा. बायका डोक्यावर हंडा ठेवण्याआधी ठेवतात तीच ही. गोल बुडाचं पातेलं खडकावर कलंडू नये म्हणून तिच्यात ठेवता येतं, आणि दगडावर बसायलाही बरी. चुलीवरून भांडं उतरवताना पंचा कोरडाच हवा, चार घड्यांचा. ओल्या कापडातून चटका थेट लागतो, वाफेने हात भाजतो. आणि टोकं जाळापासून लांब. विरलेलं सूत क्षणात पेट घेतं.

शिदोरी आणि पाणी

भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की घामेजते आणि खालची ओली होते. धुवट पंचात गुंडाळली की वाफ कापड पिऊन घेतं आणि भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. हा पंचा दुसरा. ज्याने पाय पुसले तो नव्हे.

गडावरच्या टाक्यातलं पाणी गाळायलाही हाच धुवट पंचा. इथे बांगलादेशातल्या मतलब भागात झालेलं काम सांगण्यासारखं आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बायकांना साडीच्या कापडाच्या निदान चार घड्यांतून पाणी गाळायला शिकवलं. २००३ साली त्यांनी निष्कर्ष छापले: त्या गावांत पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून असतात, आणि ते जीव कापडात अडकतात. यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे नव्या साडीपेक्षा जुनी साडी चांगली ठरली. धुऊन धुऊन धागे पिंजतात, त्यांच्यातली भोकं बारीक होतात. नीरेकाठचा म्हातारा वेगळं काय सांगत होता?

पण सुटे जंतू चार घड्यांतून आरामात पार होतात. म्हणून गाळल्यावर पाणी उकळायचं किंवा क्लोरीनची गोळी टाकायची.

दुखापतीला

हात मुरगळला किंवा मोडल्याची शंका आली तर पंचाची लांबीत एक घडी घाला, कोपर काटकोनात ठेवून हात तिच्यात अलगद घ्या आणि दोन्ही टोकं वर नेऊन मानेच्या एका बाजूला बांधा. गाठ मणक्यावर नको, रुतते. पंजा कोपरापेक्षा जरासा वर राहू द्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ भागाची घडी करून घट्ट दाबून धरा; सारखं उचलून बघू नका.

साप चावला तर पंचा करकचून बांधायचा नाही. जुन्या सिनेमांनी हे डोक्यात घातलंय आणि ते घातक आहे. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. तसंच, कड्यावर पंचे जोडून दोर करायचा नाही. जो विरून मऊ झालाय तोच आधी फाटतो.

वाटेतली निगा

ओला पंचा पिशवीत कोंबलात तर संध्याकाळी त्याला कुबट वास येतो आणि मग तो साध्या धुण्याने जात नाही. पिळून सॅकच्या पाठीवर दोन पिनांनी टांगा, चालता चालता वाळतो. आषाढात कोकणात तोही वाळणार नाही. तेव्हा उलट युक्ती करा: कोरडा पंचा पसरा, त्यावर धुतलेला शर्ट ठेवा, दोन्हीची मिळून सुरळी करून पिळा. शर्टातलं निम्मं पाणी पंचात येतं, मग लॉजच्या पंख्याखाली शर्ट सकाळपर्यंत तयार आणि पंचा अंगावर वाळवायचा.

जेजुरीला भंडारा पडला आणि पंचा पिवळा झाला तर घाबरू नका. साबण लावताच डाग लालभडक होईल, तेव्हाही घाबरू नका. हळद साबणाच्या क्षाराने लाल होते, खळबळून काढली की परत पिवळी. दोन दिवस कडक उन्हात टाका, ऊनच तो डाग खातं. घासत बसलात तर डाग राहील आणि कापड जाईल.

पंचा घरीच विसरलात तर त्या त्या मुलखात त्याच्या भावाची चौकशी करा. बिहार, उत्तर प्रदेश, बंगालकडे गमछा मागा, केरळात तोर्तु, तामिळनाडूत तुंडु. आसामात गामोसा आहे, पण लाल नक्षीचा फुलाम गामोसा मानाचा असतो. कुणी गळ्यात घातला तर त्याने घाम पुसू नका.

साताठ वर्षांनी पंचा मधोमध फाटतो, कारण पुसताना ताण तिथेच येतो. तेव्हा तो मधूनच आडवा कापा आणि दोन्ही तुकडे अदलाबदल करून काठाकडची, न झिजलेली टोकं मध्ये येतील असे शिवून टाका. अजून दोन वर्षं जातो. शिवण अंगाला टोचते, पण भाकरीला टोचत नाही.